परवाना, हाडं आणि बाणाचं टोक : डार्विनच्या प्रवासग्रंथाचं एक वाचन

आजच्या व्याख्यानासाठी आपण एकच पुस्तक घेतलं आहे, आणि त्यातलीही चार-पाच प्रकरणंच. चार्ल्स डार्विनचं हे पुस्तक १८३९ साली पहिल्यांदा निघालं. तेव्हा ते 'बीगल' जहाजाचे कप्तान रॉबर्ट फिट्झरॉय यांच्या मोठ्या वृत्तांताचा तिसरा खंड म्हणून आलं होतं. १८४५ साली डार्विनने त्याची सुधारलेली आवृत्ती काढली. आज 'द व्हॉयेज ऑफ द बीगल' या नावाने जे पुस्तक आपल्या हाती पडतं, ते बहुतेक वेळा या दुसऱ्या आवृत्तीवरून छापलेलं असतं.

डार्विनचा प्रवास म्हटलं की आपल्याला गॅलापागोस बेटं आठवतात. शाळेपासून तेच ऐकत आलोय आपण. पण जरा हिशोब करून बघा. 'बीगल' इंग्लंडहून निघालं २७ डिसेंबर १८३१ रोजी, आणि परत पोचलं २ ऑक्टोबर १८३६ रोजी. म्हणजे जवळजवळ पाच वर्षं. त्यातले गॅलापागोसचे आठवडे किती, तर जेमतेम पाच. त्याआधीची तीन वर्षांहून जास्त मुदत गेली ती दक्षिण अमेरिकेच्या दोन्ही किनाऱ्यांवर. आणि हा मुलूख त्या काळी शांत नव्हता. स्पॅनिश सत्ता जाऊन फार दिवस झालेले नव्हते. सत्ता कोणाची, सैन्य कोणाचं, राजधानीचं ऐकायचं की प्रांतातल्या सरदाराचं, यावरून झगडे चालू होते. विशीतला एक इंग्रज तरुण अशा ठिकाणी हाडं, किडे, पक्षी आणि दगड गोळा करत हिंडत होता.

तर आपला आजचा प्रश्न साधा आहे. अशा धामधुमीत परक्या माणसाने निसर्गाचा अभ्यास केला, तर त्या धामधुमीचं त्याच्या पुस्तकात काय होतं? ती नुसती अडचण म्हणून येते का? की ती त्या अभ्यासाचाच भाग असते, आणि लेखक ते कधी सांगतो, कधी सांगत नाही?

या प्रश्नाची दोन तयार उत्तरं बाजारात आहेत. एक म्हणजे, डार्विन शुद्ध वैज्ञानिक होता, त्याला राजकारणाशी देणंघेणं नव्हतं. दुसरं म्हणजे, तो साम्राज्याच्या जहाजावरून आला होता, तेव्हा तो साम्राज्याचाच माणूस, पुढे काही वाचायची गरज नाही. दोन्ही उत्तरांचा फायदा एकच, की पुस्तक न वाचता ती देता येतात. आपण पुस्तक वाचून बघू.

सुरुवात रचनेपासून करू. पुस्तक रोजनिशीसारखं दिसतं. तारखा आहेत, मुक्काम आहेत. पण ती रोजनिशी नाही. माँटेव्हिडिओला जहाज नांगरलं असं सांगून झाल्यावर लेखक लगेच एक खुलासा करतो. पुढची दोन वर्षं जहाज याच किनाऱ्यावर खालीवर जात होतं, तेव्हा पुनरुक्ती टाळण्यासाठी आपण एकेका प्रदेशाबद्दलचा मजकूर एकत्र करणार, भेटींचा क्रम दर वेळी पाळणार नाही. निसर्गवर्णनाच्या दृष्टीने हे सोयीचंच आहे. एका ठिकाणचे खडक, तिथले पक्षी, तिथले प्राणी एका जागी वाचायला मिळतात.

पण या सोयीची किंमत आहे. खडक थांबून राहतात, घटना थांबत नाहीत. मजकूर जागेप्रमाणे लावला की निसर्गाचं चित्र भरतं आणि राजकारणाचा धागा तुटतो. काय कशानंतर घडलं, कोणामुळे घडलं, हे वाचकाने स्वतः जुळवायचं.

आणि काही गोष्टी तर गळूनच जातात. डार्विनची मूळ रोजनिशी त्याची नात नोरा बार्लो यांनी १९३३ साली प्रसिद्ध केली. तिच्यात ऑगस्ट १८३२ मधला एक प्रसंग आहे. माँटेव्हिडिओत कृष्णवर्णीय सैनिकांच्या तुकडीने बंड केलं. तिथल्या अधिकाऱ्यांनी फिट्झरॉयकडे मदत मागितली. जहाजावरून ५२ हत्यारबंद माणसं शहरात उतरली आणि त्यांनी किल्ल्याचा ताबा घेतला. त्यांच्यात डार्विन होता. बंदोबस्ताला बसलेल्या या मंडळींनी आवारात मांस भाजून खाल्लं, आणि संध्याकाळी डोकं दुखू लागलं म्हणून डार्विन जहाजावर परतला. बंड कोणाचं, मागणी काय, याची त्याला फारशी ओढ दिसत नाही. छापील पुस्तकात हा प्रसंग नाही. म्हणजे वाचकाला जो निसर्गअभ्यासक भेटतो, त्याच्या हातात हातोडी आहे, पक्षी मारायची बंदूक आहे, पण दुसऱ्यांच्या भांडणात पिस्तूल घेऊन उतरलेला तरुण त्यात नाही.

आता १८३३ सालाकडे येऊ. आजच्या व्याख्यानाचा गाभा इथे आहे.

त्या ऑगस्टमध्ये डार्विनने ठरवलं की रिओ नेग्रो नदीपासून बाईआ ब्लांकापर्यंत आणि तिथून पुढे ब्वेनोस आयरेसपर्यंत जमिनीवरून जायचं. नुसत्या दुसऱ्या टप्प्याचं अंतर चारशे मैलांच्या आसपास, आणि वाटेत वस्ती जवळजवळ नाहीच. सोबत जेम्स हॅरिस हा तिथे राहणारा एक इंग्रज आणि पाच गाउचो. गाउचो म्हणजे या गवताळ मैदानांतले घोडेस्वार गुराखी. हा प्रवास शक्य का झाला, हे नीट लक्षात घ्या. त्या मैदानात जनरल हुआन मानुएल दे रोसास तिथल्या मूळ रहिवाशांविरुद्ध मोहीम चालवत होता. डार्विन या लोकांना 'इंडियन' म्हणतो, आपण मूळ रहिवासी म्हणू. सैन्याचा राजधानीशी संपर्क राहावा म्हणून रोसासने वाटेत ठरावीक अंतरावर चौक्या बसवल्या होत्या. प्रत्येक चौकीवर थोडे सैनिक आणि ताजे घोडे. या चौक्या नसत्या तर हा प्रवास झाला नसता. म्हणजे आपला निसर्गअभ्यासक ज्या वाटेने गेला ती वाट एका युद्धाने तयार केलेली होती.

कोलोराडो नदीकाठी रोसासची छावणी होती. डार्विनने तिचं वर्णन मोकळेपणाने केलंय. गाड्यांचा चौकोन, तोफा, गवताच्या झोपड्या, आणि दरोडेखोरांसारखी दिसणारी फौज. तिथे त्याची रोसासशी भेट झाली. रोसास गंभीर, समजूतदार आणि उत्साही वाटला. भेटीत तो एकदाही हसला नाही, आणि हसला नाही तेच बरं, कारण तो हसला की समोरच्याचं काही खरं नसतं, अशी आख्यायिका डार्विनने ऐकली होती. भेटीनंतर त्याच्या हातात दोन कागद पडले. एक परवाना, आणि एक सरकारी घोडे मिळण्याचा हुकूम.

हा परवाना या पुस्तकातलं एक पात्रच आहे, असं आमचं म्हणणं आहे. का ते सांगतो. आदल्या वर्षी, सप्टेंबर १८३२ मध्ये, जहाज पहिल्यांदा बाईआ ब्लांकाला गेलं तेव्हाची गोष्ट रोजनिशीत आहे. तिथल्या म्हाताऱ्या मेजरला हे परके लोक हेर वाटले. त्यातच डार्विनची ओळख 'नॅचुरालिस्ता' अशी करून दिली गेली. हा शब्द कोणी ऐकलेला नव्हता. मग हॅरिसने त्याचा अर्थ सांगितला, सगळं काही जाणणारा माणूस. झालं! मेजरचा संशय दुप्पट झाला. आता पुढच्या वर्षीचा प्रसंग बघा. ब्वेनोस आयरेसच्या अलीकडे एका जमीनदाराच्या घरी रात्रीचा आसरा मागायचा होता. चोर-लुटारूंचे दिवस, मालक कोणावर विश्वास ठेवायला तयार नाही. त्याने परवाना वाचायला घेतला. सुरुवातीलाच 'नॅचुरालिस्ता डॉन कार्लोस' असे शब्द. लगेच आदर, आगतस्वागत. निसर्गअभ्यासक म्हणजे काय हे त्या मालकालाही माहीत नव्हतं, हे डार्विन मिश्कीलपणे सांगतो.

शब्द तोच, माणूस तोच. एका वर्षी त्याने संशय येतो, दुसऱ्या वर्षी मान मिळतो. मधे फरक पडला तो कागदाचा, आणि कागदामागे उभ्या असलेल्या सैन्याचा. डार्विनने हा विनोद म्हणून लिहिला आहे आणि तो विनोद चांगला आहे. पण वाचक म्हणून आपण एक पाऊल पुढे जाऊ शकतो. त्या मुलखात विज्ञानाला स्वतःची अशी प्रतिष्ठा नव्हती. तिला जी किंमत आली ती रोसासच्या नावाने आली.

मग ज्याच्या कागदावर आपण हिंडतो, त्या माणसाबद्दल लेखक काय लिहितो? इथे पुस्तकातली सगळ्यात प्रामाणिक आणि सगळ्यात अवघड जागा येते. १८३३ च्या भेटीनंतर डार्विनचं मत असं, की हा असामान्य माणूस आहे आणि आपलं वजन तो देशाच्या भल्यासाठी वापरेल असं दिसतं. १८४५ च्या आवृत्तीत त्याने हे वाक्य खोडलं नाही. ते तसंच ठेवलं, आणि खाली तळटीप दिली की हे भाकीत साफ आणि वाईट रीतीने चुकलं. दरम्यान काय घडलं होतं? १८३५ साली रोसास पुन्हा ब्वेनोस आयरेसचा गव्हर्नर झाला होता, अमर्याद अधिकार घेऊन. त्याची राजवट १८५२ पर्यंत चालली. मग तो लढाईत हरला, इंग्लंडला पळाला आणि १८७७ साली साउदॅम्प्टनजवळ वारला.

चूक तशीच छापून खाली कबुली देणं, हा मोठेपणा आहे. किती लेखक करतात असं? पण टीकाकाराने इथे थांबून चालत नाही. ते भाकीत ज्या प्रकरणात आहे, त्याच प्रकरणात डार्विन आणखी काय सांगतो ते बघा. एका माणसाने दुसऱ्याचा खून केला. कारण विचारलं तर म्हणाला, तो जनरल रोसासबद्दल वाईट बोलला. आठवड्याभरात खुनी मोकळा. ही गोष्ट डार्विनला एका व्यापाऱ्याने सांगितली, आणि त्याने ती लिहून ठेवली. एका वेड्या माणसाला रोसासने केलेली शिक्षाही त्याने लिहिली. म्हणजे भाकीत चुकेल याचा पुरावा त्याच पानांवर होता. त्याचे डोळे बघत होते, कान ऐकत होते, पण निष्कर्ष काढताना त्याच्या हातात तो परवाना होता. कृतज्ञता हा चांगला गुण आहे, पण ती निरीक्षणाच्या आड येऊ शकते. तळटीप सांगते की भाकीत चुकलं. ते का चुकलं, हे तळटीप सांगत नाही. ते आपल्याला वरच्या मजकुरावरून काढावं लागतं.

आता पाचवं प्रकरण. बाईआ ब्लांकाचं. ज्यांनी पुस्तक वाचलं नाही त्यांना आमची विनंती, निदान हे प्रकरण तरी वाचा, आणि सलग वाचा.

प्रकरण सुरू होतं ते हाडांनी. पुंता आल्ता नावाच्या जागी, समुद्राकाठच्या थोड्याशा जमिनीत, नामशेष झालेल्या प्रचंड प्राण्यांचे अवशेष एकत्र सापडले. मेगाथेरियम, मायलोडॉन, सेलिडोथेरियम, टॉक्सोडॉन अशी नावं आहेत. यांतले बहुतेक प्राणी आजच्या स्लॉथ आणि आर्माडिलोंच्या नात्यातले, पण आकाराने अवाढव्य. पुढे रिचर्ड ओवेन यांनी त्यांचा शास्त्रीय अभ्यास केला. सोबतचे शंख-शिंपले मात्र बहुतेक आजही जिवंत असलेल्या जातींचे होते. म्हणजे हे प्राणी फार जुन्या काळी गेलेले नाहीत. मग ते गेले का? हा प्रश्न डार्विनला पुढे आयुष्यभर पुरला.

हाडांनंतर एक लांबलचक चर्चा येते. मोठ्या प्राण्यांना घनदाट वनस्पती लागतेच का? दक्षिण आफ्रिकेचं उदाहरण, सायबेरियाचं उदाहरण. मग शहामृगासारखा ऱ्हीया पक्षी, त्याच्या दोन जाती. त्यातली लहान जात आहे हे डार्विनला कळलं ते गाउचोंकडून, आणि तो तसं सांगतो. पुढे पोर्ट डिझायरला जहाजावरचे चित्रकार कॉनरॅड मार्टेन्स यांनी एक पक्षी मारला. तो शिजवून खाल्ला गेला, आणि मग डार्विनच्या ध्यानात आलं की हाच तो! उरलेलं डोकं, मान, पाय, पंख असं गोळा करून त्याने इंग्लंडला धाडलं. ही गंमतही याच प्रकरणात आहे. मग आर्माडिलो, विषारी साप, बेडूक, सरडा, थंडीतली झोप. मग सी-पेन नावाचा, चिखलात उभा राहणारा पिसासारखा समुद्री जीव.

आणि सी-पेननंतर, कसलीही पूर्वसूचना न देता, कत्तल.

एका स्पॅनिश माणसाने डार्विनला नुकत्याच झालेल्या चकमकीची हकिकत सांगितली. तो स्वतः तिच्यात होता. घोड्यांच्या टापांनी उडालेल्या धुळीवरून सैनिकांना मूळ रहिवाशांचा एक जमाव दिसला. बायका, मुलं, पुरुष मिळून सुमारे ११०. जवळजवळ सगळे पकडले किंवा मारले गेले. विशीच्या वरच्या दिसतील त्या बायकांना थंडपणे ठार केलं जात होतं. हे अमानुष आहे, असं डार्विन बोलून गेला. त्यावर सांगणाऱ्याचं उत्तर असं, की करणार काय, यांना पोरं फार होतात. मुलांना मात्र जिवंत ठेवत, विकायला किंवा नोकर म्हणून द्यायला. तिघांना जिवंत पकडलं होतं. तरणेबांड, सहा फुटांहून उंच. ते दुसऱ्या जमातींचे दूत होते. माहिती काढण्यासाठी त्यांना रांगेत उभं केलं. पहिल्याने माहीत नाही म्हटलं, त्याला गोळी घातली. दुसऱ्याचंही तेच. तिसरा म्हणाला, मारा, मी मर्द आहे, मला मरता येतं.

डार्विन लिहितो की इथे प्रत्येकाला हे युद्ध न्याय्य वाटतं, कारण ते रानटी लोकांविरुद्ध आहे. आणि या युगात, एका ख्रिस्ती आणि सुधारलेल्या देशात असं घडतं यावर कोण विश्वास ठेवील, असं तो विचारतो. पन्नास वर्षांत रिओ नेग्रोच्या उत्तरेला मुक्त फिरणारा एकही मूळ रहिवासी उरणार नाही, असंही तो नोंदवतो. हे भाकीत मात्र खरं ठरलं. १८७९ साली जनरल हुलिओ रोका याची मोहीम रिओ नेग्रोपर्यंत पोचली, आणि पन्नास वर्षांची मुदत भरण्याआधीच काम उरकलं गेलं. रोसासबद्दलच्या भाकिताला तळटीप मिळाली. या भाकिताला तळटीपेची गरज पडली नाही.

पण प्रकरण अजून संपलेलं नाही. शेवटी एक लहानसा परिच्छेद आहे. एक सैनिक चकमकीने विस्तव पाडत होता. डार्विनने ती गार ओळखली. ते बाणाचं टोक होतं. चोएले चोएल बेटाजवळ अशी टोकं सापडतात, असं सैनिकाने सांगितलं. मैदानातले मूळ रहिवासी आता धनुष्यबाण वापरत नव्हते. तेव्हा हे टोक जुन्या काळचं, स्पॅनिश लोकांनी घोडे आणले आणि या लोकांचं जगणंच बदललं, त्याच्या आधीचं असावं, असा तर्क करून प्रकरण संपतं.

आता रचना बघा. सुरुवातीला जमिनीतून निघालेली हाडं. शेवटी जमिनीतून निघालेलं बाणाचं टोक. मधे जिवंत प्राणी, आणि मरणारी माणसं. ज्या सैनिकाच्या हातात ते टोक आहे तो ते टोक करणाऱ्यांच्या वंशजांना मारायला निघालेल्या फौजेतला आहे, आणि तो त्यावर विस्तव पाडतो आहे. डार्विन हे कुठेही जोडून दाखवत नाही. हाडं वेगळी, कत्तल वेगळी, टोक वेगळं.

इथे आपण पहिल्या वाचनात चिडतो. अरे, नामशेष होण्याचा प्रश्न तू आताच पानंच्या पानं चघळलास, आणि डोळ्यांसमोर एक समाज नाहीसा होतोय, तर जोडत का नाहीस? आमच्या मते ही चीड समजण्यासारखी आहे, पण निकाल घाईचा आहे. दोन गोष्टी न जोडणं हेच या प्रकरणाचं मोल आहे. मेगाथेरियम का गेला हे डार्विनला माहीत नव्हतं. ते ११० लोक का गेले हे त्याला पक्कं माहीत होतं. त्यांच्या जाण्याला एक सेनापती होता, हुकूम होता, सरकारी घोडे होते, धूळ होती, आणि सांगणारा साक्षीदार होता. सांगणाऱ्याकडे तर सबबही तयार होती. हे निसर्गाचं काम नव्हतं. पुस्तकाने ते निसर्गाच्या खात्यावर टाकलं नाही.

याची किंमत कळण्यासाठी ३८ वर्षं पुढे जावं लागतं. १८७१ साली 'द डिसेंट ऑफ मॅन' आलं. त्यात मानववंश नामशेष होण्यावर एक स्वतंत्र भाग आहे. टास्मानिया, न्यूझीलंडचे माओरी, हवाई बेटं अशी उदाहरणं आहेत. युद्ध, कत्तल, रोगराई, बदललेलं राहणीमान, घटलेली जननक्षमता अशी कारणं एकापाठोपाठ मांडली आहेत. आता दोन्ही गोष्टी जोडल्या गेल्या आहेत. माणसांचे समूहही जातींसारखेच नाहीसे होतात, असा सूर आहे. अभ्यास मोठा आहे, पुरावा भरपूर आहे. पण १८३३ च्या पानांवर जे होतं ते इथे नाही. हुकूम देणारा नाही. रांगेतला तिसरा माणूस नाही. कत्तल ही अनेक कारणांतलं एक कारण झाली, आणि कारणांच्या यादीत कोणी गुन्हेगार नसतो.

म्हणून आम्हाला तरुण डार्विनचं हे विस्कळीत पुस्तक नंतरच्या नीटनेटक्या ग्रंथापेक्षा या एका बाबतीत जास्त विश्वासू वाटतं. विज्ञानाच्या दृष्टीने अर्थातच उलट म्हणता येईल. आपण इथे विज्ञान तपासत नाही, साक्ष तपासतो आहोत. साक्षीत नावं असावी लागतात.

आता शेवटचा मुद्दा. परवान्याची गोष्ट अर्धीच राहिली होती. ऑक्टोबर १८३३ मध्ये डार्विन सांता फेहून पाराना नदीने होडीतून खाली आला. २० तारखेला ब्वेनोस आयरेसजवळ उतरला तर शहरात उठाव झालेला. बंदरं बंद, शहराला वेढा. हा उठाव रोसासच्या समर्थकांनी गव्हर्नर बाल्कार्से यांच्याविरुद्ध केला होता. डार्विन या छावणीतून त्या छावणीत फिरला. बंडखोरांचा एक सेनापती त्याला पक्का बदमाश वाटला. काही केल्या आत सोडेनात. मग रोसासच्या भावाच्या छावणीत त्याने सहज सांगितलं की कोलोराडोकाठी जनरलसाहेबांनी आपला चांगला पाहुणचार केला होता. जादू व्हावी तसा सगळ्यांचा नूर पालटला. घोडे आणि नोकर मागे ठेवून पायी जायची परवानगी मिळाली, आणि जुना परवाना दाखवत तो शहरात शिरला.

हा प्रसंग डार्विनने लपवला नाही. उलट रंगवून सांगितला. १८३५ साली पेरूमध्ये मात्र कामी येईल असं नाव त्याच्याकडे नव्हतं. लिमात तेव्हा चार सरदार सत्तेसाठी हत्यारं घेऊन उभे होते. तिथे त्याला शहराबाहेर फारसं जाताच आलं नाही, आणि पेरूवरची त्याची पानंही थोडीच आहेत. दोन्ही देशांची पानं मोजून बघा. कोणत्या देशाचा निसर्ग पुस्तकात किती भरला, हे तिथल्या निसर्गावर जितकं अवलंबून होतं तितकंच वाट कोण मोकळी करून देतो यावरही होतं.

तेव्हा आपलं मत काय बनतं? ज्याला डार्विन निर्मळ हवा आहे त्याला माँटेव्हिडिओचा किल्ला आणि रोसासचा कागद दाखवावा लागेल. ज्याला तो नुसता साम्राज्याचा माणूस म्हणून निकालात काढायचा आहे, त्याला विचारावं लागेल, की त्या तिसऱ्या माणसाचे शब्द आज तुझ्यापर्यंत कोणी पोचवले? रोसासच्या फौजेने नाही. रोसासच्या कागदावर हिंडणाऱ्या पाहुण्याने पोचवले. ते पाहुणेपण त्या साक्षीला चिकटलेलं आहे, आणि साक्ष त्या पाहुणेपणाशिवाय मिळाली नसती. हा पेच पुस्तक सोडवत नाही. आम्हालाही तो सोडवता येत नाही. पण तो दिसला पाहिजे, एवढा आग्रह धरता येतो.

आजही अशांत मुलखात परदेशी अभ्यासक काम करतात. तिथेही परवाने लागतात, सोबतीला शिपाई असतात, वाट कोणीतरी मोकळी केलेली असते. त्यांचं लेखन वाचताना आपण चार प्रश्न विचारू शकतो. हा इथवर कोणाच्या घोड्यावरून आला? ते त्याने सांगितलं का? त्याला दिसलेल्या मरणांपैकी कोणती निसर्गाच्या खात्यावर टाकली? आणि मजकूर नीट लावताना कोणता प्रसंग गळला? डार्विनच्या पुस्तकाला हे प्रश्न विचारले तर ते पुस्तक काही ठिकाणी अडखळतं, पण बऱ्याच ठिकाणी उत्तर देतं. दोनशे वर्षांपूर्वीच्या प्रवासवर्णनाकडून याहून जास्त काय हवं?

पुढच्या वेळी येताना पाचवं प्रकरण वाचून या. सी-पेनचं पान आलं की थांबू नका, पुढचं पान उलटा. प्रश्न असतील तर आता घेऊ.